युद्धातली मुलं आणि आपलं परतीचं तिकीट

माझी भाची सई फिजिओथेरपी शिकते. गेल्या दिवाळीत घरी आली तेव्हा फराळाचं ताट तसंच बाजूला सारून तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. "मावशी, हे वाच ना. परीक्षा संपली की मला इथं जायचंय." स्क्रीनवर एक फोटो होता. धुळीचं अंगण, पंधरा-वीस मुलं आणि मधोमध एक परदेशी तरुणी. एक मूल तिच्या मांडीवर, एक पाठीवर, एकानं गळ्यात हात टाकलेले. खाली लिहिलेलं, युद्धात होरपळलेल्या मुलांसोबत दोन आठवडे राहा, त्यांना प्रेम द्या, अनुभवाची अट नाही. फी दीड लाखाच्या घरात, विमानाचं तिकीट वेगळं.

मी कोल्हापुरात शाळेत समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे अशी तळमळ घेऊन येणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. गाझा, सुदान, युक्रेन इथल्या बातम्या पाहून त्यांना झोप लागत नाही. काहीतरी करावं असं आतून वाटत असतं. ही ओढ खरी असते आणि ती जपली पाहिजे, म्हणून मी सईला हो किंवा नाही असं काहीच म्हटलं नाही. "फॉर्म आत्ताच भरू नकोस, आधी बोलू," एवढंच म्हटलं. पुढचे चार दिवस आम्ही ज्यावर बोललो ते इथं सविस्तर लिहिते आहे.

युद्ध मुलाचं काय मोडतं

युद्ध म्हटलं की आपल्याला ढिगारे दिसतात. मुलाच्या उंचीवरून पाहिलं तर आणखी एक पडझड दिसते. सकाळी कोण उठवणार, शाळेत कोणाशेजारी बसायचं, पडल्यावर रडत कोणाकडे धावायचं, रात्री शेजारी कोण झोपणार, या रोजच्या ठरलेल्या गोष्टींवर लहान मुलाचं सगळं जग उभं असतं. युद्धात घर जातं, तसा हा रोजचा दिवसही जातो, आणि तो पुन्हा उभारायला घरापेक्षा जास्त वेळ लागतो.

हे फार बारकाईनं टिपलं गेलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनमध्ये. शहरावर बॉम्ब पडणार म्हणून १९३९ पासून लाखो मुलांना आईबापांपासून दूर, सुरक्षित खेड्यांत पाठवलं जात होतं. त्याच काळात अ‍ॅना फ्रॉइड यांनी डोरोथी बर्लिंगहॅम या सहकारी मैत्रिणीसोबत लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धाची झळ बसलेल्या मुलांसाठी निवासी बालगृहं सुरू केली. अ‍ॅना या सिग्मंड फ्रॉइड यांच्या कन्या. १९३८ साली नाझींपासून वाचण्यासाठी व्हिएन्ना सोडून आलेल्या, म्हणजे स्वतःही निर्वासितच. दोघींनी मुलांच्या रोजच्या नोंदी ठेवल्या. त्यातून दिसलं ते त्या काळाच्या समजुतीला धक्का देणारं होतं. आईजवळ तळघरात बसून बॉम्बचे आवाज ऐकणारं मूल, आई शांत असेल तर, बऱ्याचदा ते आवाज सोसत होतं. सुखरूप खेड्यात पाठवलेलं मूल मात्र कोमेजत होतं. अंथरूण ओलं करायला लागत होतं, येत असलेलं बोलणंही मागे पडत होतं. बॉम्बपेक्षा ताटातूट जास्त खोल जात होती.

त्यांनी पुढे केलेला एक बदल मला विशेष महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला बालगृहातल्या सगळ्या ताया मिळून सगळ्या मुलांना सांभाळायच्या. मग त्यांनी मुलांचे छोटे गट केले आणि प्रत्येक गटाला एक ठरलेली ताई दिली. आंघोळ तिच्याकडे, कपडे तिच्याकडे, कौतुक आणि रागावणंही तिच्याकडे. त्याबरोबर घरात नुसती रडारड सुरू झाली! आपली ताई दाराबाहेर गेली की मुलं आकांत करायची, तिनं दुसऱ्या मुलाला उचललं की चिडायची. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, चांगलं चाललेलं बिघडवलं. पण त्यानंतर हीच मुलं भराभर बोलायला लागली, स्वच्छतेच्या सवयी लवकर शिकली. कोणीतरी आपलं आहे, म्हणूनच ते जाताना रडू येत होतं.

त्याच अ‍ॅना फ्रॉइड यांच्या देखरेखीखाली १९४५ मध्ये सहा मुलं इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या एका घरात आली. वय तीन ते चारच्या दरम्यान. तेरेझिनच्या नाझी छावणीतून वाचलेली, आईबाप मारले गेलेले. अगदी तान्ही असल्यापासून या हातातून त्या हातात गेलेली. आल्या आल्या त्यांनी खेळणी मोडली, सामानाची नासधूस केली, सांभाळणाऱ्या बायकांना मारलं, त्यांच्यावर थुंकली. पण एकमेकांना ती क्षणभरही सोडत नसत. एक मूल मागे राहिलं तर बाकीची फिरायला जात नसत, आणि खाऊ आला की आधी दुसऱ्याला मिळाला का ते बघत. मोठी माणसं त्यांच्या लेखी येऊन-जाऊन असायची. टिकणारी माणसं त्यांना पाचच माहीत होती, ती म्हणजे बरोबरची पाच मुलं. मोठ्यांवर विश्वास बसायला त्यांना कित्येक महिने लागले, आणि त्या काळात घरातल्या बायका त्याच राहिल्या म्हणून तो बसला.

मांडीवर चढलेलं मूल

आता सईच्या मोबाइलमधल्या फोटोकडे परत येऊ. आपल्या घरी अनोळखी पाहुणे आले की चार वर्षांचं मूल काय करतं? आईच्या पदराआड जातं. तिथून एका डोळ्यानं बघतं, पाहुण्यांनी बिस्कीट दिलं तरी आधी आईकडे बघतं. ही त्याची सुरक्षितता असते. ज्या मुलाला पदरच उरलेला नाही, ते समोर येईल त्याच्या गळ्यात पडतं. संस्थांमध्ये वाढलेल्या मुलांमध्ये हे इतकं आढळतं की बालमानसशास्त्रात ते काळजीचं लक्षण मानतात. फोटो पाहणाऱ्याला वाटतं, बघा किती प्रेमळ मुलं आहेत. मला त्या फोटोत हातातून निसटत चाललेलं काहीतरी दिसतं.

मी सईला म्हटलं, "तू तिकडे गेलीस असं समज. पहिल्याच दिवशी एक मुलगी तुझा हात धरेल. तिसऱ्या दिवशी तुझ्याच शेजारी बसून जेवेल. दहाव्या दिवशी ती तुला काहीतरी सांगेल, जे तिनं कोणालाच सांगितलं नसेल. चौदाव्या दिवशी तू काय करशील?"

सई गप्प बसली.

"तू परत येशील. पंधराव्या दिवशी दुसरी ताई येईल. दोन-दोन आठवड्यांनी म्हणजे वर्षाला सव्वीस ताया. त्या मुलीनं याआधीच किती माणसं गमावलीत याचा हिशोब कर आणि त्यात हे सव्वीस धर."

हे ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मलाही बरं वाटलं नाही. कारण तिचं मन चांगलंच होतं. पण चांगल्या मनानं गेलेल्या माणसाच्या हातूनही मुलाला तीच जखम पुन्हा होऊ शकते. ही गोष्ट जाण्याआधी कोणीतरी सांगायला हवी होती, ती जाहिरातीत नव्हती.

मदतीचे थर

मग मदत नेमकी होते कशी? २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि इतर मोठ्या मदतसंस्था यांच्या संयुक्त समितीनं आपत्तीतल्या मानसिक आधाराबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. आजही जगभर तीच पायाभूत मानतात. त्यात मदतीचे चार थर सांगितलेत. आपल्याला ते दहीहंडीवरून चटकन कळतील. सगळ्यात खालचा, सगळ्यात रुंद थर म्हणजे जीव वाचण्याची शाश्वती, अन्न, पाणी, निवारा, औषध, आणि हे सगळं माणसाचा मान राखून दिलेलं. त्यावरचा थर कुटुंब आणि समाजाचा: हरवलेले नातेवाईक शोधणं, शाळा पुन्हा भरवणं, आयांना एकत्र बसायला जागा मिळणं, सण-प्रार्थना सुरू होणं. तिसऱ्या थरात थोडं प्रशिक्षण घेतलेले शिक्षक, परिचारिका, समाजसेवक येतात. जास्त त्रास होणाऱ्या मुलांना ते नियमित वेळ देतात. अगदी वर मानसोपचारतज्ज्ञ, थोड्यांसाठी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार युद्धाची झळ बसलेल्या भागात साधारण पाचांत एका माणसाला मानसिक आजार असतो. हे प्रमाण मोठंच आहे. पण उरलेल्या चौघांना भीती, दुःख, वाईट स्वप्नं असली तरी खालचे दोन थर पक्के असतील तर त्यातली बरीचशी माणसं आपापल्या माणसांत राहून सावरतात. सिएरा लिओनचं उदाहरण घ्या. १९९१ ते २००२ तिथं यादवी चालली, लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. थेरेसा बेटनकोर्ट या संशोधिकेनं अशा मुलांचा २००२ पासून पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला. ज्यांना घरानं आणि गावानं पुन्हा आपलं म्हटलं, ती मुलं तुलनेनं बरी सावरली. ज्यांना गावानं बोट दाखवत ठेवलं, त्यांचं दुखणं वाढत गेलं.

दोन आठवड्यांसाठी येणाऱ्याला बहुतेक वेळा हंडी फोडायची असते. मुलाजवळ बसावं, त्याचं मन मोकळं करावं, त्यानं सगळं सांगून टाकावं अशी इच्छा असते. इथं एक इशारा अगदी ठळकपणे द्यायला हवा. घडलेलं सगळं एका बैठकीत वदवून घेतलं की मन हलकं होतं, हा समज चुकीचा आहे. अशा एका वेळच्या 'डिब्रीफिंग'चा उपयोग दिसत नाही, काहींना त्यातून त्रासच होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ते करू नका असं सांगते. त्याऐवजी २०११ पासून 'मानसिक प्रथमोपचार' शिकवतात. त्याची तीन सूत्रं आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. आधी जागा सुरक्षित आहे का, कोणाला तातडीची गरज आहे, हे बघायचं. मुलाच्या उंचीला येऊन बसायचं, आपलं नाव सांगायचं, ते बोललं तर ऐकायचं, नाही बोललं तर तसंच शेजारी बसायचं. खोटं आश्वासन द्यायचं नाही. आणि मग त्याला त्याच्या माणसांशी, दवाखान्याशी, रेशनच्या रांगेशी, शाळेशी जोडून द्यायचं. 'तुझ्या बाबांचं काय झालं?' हा प्रश्न आपण विचारायचा नसतो.

निर्वासितांच्या छावण्यांमध्ये मुलांसाठी खेळण्या-शिकण्याची एक राखून ठेवलेली जागा असते. १९९९ मध्ये कोसोव्होतून निर्वासित अल्बेनियात आले तेव्हा युनिसेफनं अशा जागा उभारल्या, पुढे जगभर ती पद्धत रुळली. एक तंबू किंवा बांबूची खोली, सतरंज्या, रंगीत खडू, बॉल, दोरीच्या उड्या. दिसायला आपल्या बालवाडीसारखंच. पण तिथलं खरं औषध म्हणजे वेळापत्रक. रोज त्याच वेळी उघडणार, त्याच गाण्यानं सुरुवात होणार, हजेरीत तुझं नाव घेतलं जाणार, काल नव्हतास तर आज कोणीतरी विचारणार. आणि हे सगळं करणारी ताई शक्यतो त्याच लोकांमधली किंवा शेजारच्या वस्तीतली. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांमध्ये २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून जास्त रोहिंग्या आले, त्यांत निम्म्याहून अधिक मुलं. त्यांची भाषा चितगावच्या बोलीच्या जवळची आहे. चितगावकडची एखादी मुलगी त्या मुलाचं 'पोटात दुखतंय' पटकन ओळखू शकते. पुण्याहून किंवा पॅरिसहून गेलेल्या माणसाला त्यासाठी दुभाषा लागतो, आणि मूल दुभाष्याच्या कानात रडत नाही.

अनाथ कसे 'तयार' होतात

या विषयातला सगळ्यात कटू भाग आता सांगते, आणि तो आपल्या शेजारी देशातला आहे. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ माओवाद्यांचं युद्ध चाललं. पश्चिमेकडच्या हुमलासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांत दलाल फिरायला लागले. 'मुलाला बंडखोर उचलून नेतील, आमच्याबरोबर पाठवा, काठमांडूत चांगल्या शाळेत घालू,' असं सांगून त्यांनी आईबापांकडून पैसेही घेतले. मुलं काठमांडू खोऱ्यात, पोखऱ्यात, चितवनकडे 'अनाथालयां'मध्ये जाऊन पडली. अनेकांचे जिवंत आईबाप कागदावर मेले. नेपाळमधली बहुतेक बालगृहं याच मोजक्या पर्यटन जिल्ह्यांमध्ये एकवटली आहेत, हा योगायोग नव्हे. परदेशी पाहुणे तिथं येतात, देणग्या देतात, दोन आठवडे राहायचे पैसे भरतात. पाहुण्यांना अनाथ मुलं भेटायला हवी होती, म्हणून डोंगरातून मुलं आणली जात होती. काही ठिकाणी तर मुलं हडकुळी दिसली की देणगी जास्त मिळते म्हणून त्यांना मुद्दाम नीट जेवू घातलं जात नसे.

जगभरच्या अनाथालयांतल्या पाचपैकी किमान चार मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेनं २००९ मध्येच मांडलं होतं. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्तानं अशा 'अनाथालयासाठी होणाऱ्या तस्करी'ची दखल घेतली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवी पर्यटनामुळे होणाऱ्या हानीचा थेट उल्लेख केला. म्हणून परदेशातल्या अनाथालयात थोड्या दिवसांसाठी 'मुलांना प्रेम द्यायला' बोलावणारा कार्यक्रम असेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. यात मला मधला मार्ग दिसत नाही.

घाईतली दया कुठवर जाते याचं एक उदाहरण २००७ चं आहे. एका फ्रेंच संस्थेच्या लोकांनी आफ्रिकेतल्या चाड देशातून १०३ मुलं विमानानं फ्रान्सला न्यायची तयारी केली होती. ही शेजारच्या सुदानमधल्या दारफूर भागातल्या युद्धातली अनाथ मुलं आहेत असं त्यांचं म्हणणं होतं. फ्रान्समध्ये त्यांना सांभाळायला कुटुंबं वाट पाहत होती. विमान सुटण्याआधीच संस्थेच्या लोकांना अटक झाली. चौकशीत दिसलं की बहुतेक मुलं चाडमधल्याच गावांतली होती आणि त्यांच्या घरी आई, वडील किंवा सांभाळणारं कोणीतरी होतं. शाळेत घालतो म्हणून ती आणलेली होती.

याच्या उलट काम रवांडात झालं. १९९४ च्या नरसंहारात लाखाच्या आसपास मुलं घरच्यांपासून तुटली. रेडक्रॉस, युनिसेफ आणि इतर संस्था वर्षानुवर्षं त्यांची माणसं शोधत राहिल्या. नावही सांगता न येणाऱ्या लहानग्यांचे फोटो गावोगाव दाखवले, कोणी ओळखतं का ते पाहिलं. अशी हजारो मुलं आई, मावशी, आजी, मोठा भाऊ, कोणाकडे ना कोणाकडे परत गेली. या कामात मांडीवर बसलेल्या मुलाचा फोटो निघत नाही, नुसत्या याद्या आणि पायपीट असते. माझ्या मते युद्धातल्या मुलासाठी याहून मोठं काम नाही.

वळिवड्याची छावणी

भाऊबीज झाल्यावर मी सईला घेऊन गांधीनगरला गेले. कोल्हापूरकरांना गांधीनगर माहीत आहे ते कापडाच्या होलसेल बाजारासाठी. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी तो उभा केला. पण त्याआधी ही जागा वळिवड्याची पोलिश छावणी होती. युद्धातल्या मुलांना खरोखर काय लागतं, हे शिकायला आपल्याला लांब जायची गरज नाही.

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीपाठोपाठ सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या. १९४० पासून पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानकडे पाठवलं गेलं. थंडी, भूक, तापानं माणसं मेली. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, १९४२ मध्ये त्यातले हजारो लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले, आणि तिथून काहीजण कराचीमार्गे हिंदुस्थानात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला शेकडो मुलांना आसरा दिला. १९४३ मध्ये वळिवड्याला मोठी छावणी वसली. साधारण पाच हजार माणसं, त्यात मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली तेव्हा तिथली मुलंही इकडेच आली.

माझी आजी त्या भागातली. ती सांगायची, "त्या मडमा बाजारात यायच्या, मोडकं मराठी बोलून वांगी घासाघीस करून घ्यायच्या." आजीच्या या एका वाक्यात मला फार काही दिसतं. भाजी विकत आणून स्वतःच्या चुलीवर शिजवणारी आई त्या मुलांजवळ होती. छावणीत पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, अगदी वरच्या वर्गांपर्यंत. शिकवणारे शिक्षक पोलिश. चर्च होतं, स्काउटची पथकं होती, नाटकं व्हायची. ज्यांचे आईबाप वाटेत गेले होते त्यांच्यासाठी वेगळी सोय होती, पण तिथंही त्यांना निजवणाऱ्या, रागावणाऱ्या बायका त्यांच्याच भाषेतल्या. खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारकडे होता. कोल्हापूरनं जमीन दिली, हवा दिली, धान्य-दूध मिळायची सोय दिली आणि मुख्य म्हणजे पाच वर्षं कोणी हुसकावणार नाही याची शाश्वती दिली. छावणी १९४८ मध्ये संपली. ती मुलं पुढे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी जगभर पांगली, पण म्हातारपणी पुन्हा पुन्हा कोल्हापूर बघायला येत राहिली. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

तेव्हा कोणी कोल्हापूरकर दोन आठवड्यांसाठी त्या मुलांना मिठ्या मारायला गेला नाही. पहिले दोन थर इतके पक्के होते की मुलं त्यावर उभी राहिली. बाहेरच्या माणसाची जागा कुठं असते ते सईला तिथं, कापडाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढताना, माझ्या चार दिवसांच्या बोलण्यापेक्षा जास्त कळलं असावं. ती म्हणाली, "म्हणजे मुलाला त्याची माणसं सांभाळणार, आणि आपण त्या माणसांना."

मग जायचंच नाही का?

जायचं. पण हातात एक हुन्नर घेऊन आणि गाठीला वेळ बांधून. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था पहिल्यांदा जाणाऱ्याकडून साधारण नऊ ते बारा महिन्यांची तयारी मागते (शल्यविशारदांसारख्या काहींना सवलत असते), आणि अनुभवी डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, हिशेबनीस, पाणी-वीज बघणारे लोक नेमते. त्यांना मानधन देते, त्यांच्याकडून फी घेत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातही निर्वाहभत्ता मिळतो. अठरा ते सव्वीस वयाच्या तरुणांसाठी त्यात वेगळी सोय आहे, आणि घरबसल्या करण्याची ऑनलाइन कामंही आहेत: भाषांतर, पुस्तिकांची मांडणी, माहितीची जुळवाजुळव. कंटाळवाणं वाटेल, पण छावणीतल्या शिक्षिकेच्या हातात वेळेवर पडलेली पुस्तिका शंभर मुलांपर्यंत पोहोचते.

सईच्या हाती तर फार गरजेचं काम आहे. सुरुंगानं पाय गेलेल्या मुलाचा कृत्रिम पाय एकदा बसवला की झालं असं नसतं. मूल वाढतं, हाड वाढतं, दर सहा महिन्यांनी-वर्षानं पाय बदलावा लागतो, पुन्हा चालायला शिकवावं लागतं. अल्बेर्तो काइरो नावाचे इटालियन फिजिओथेरपिस्ट १९९० मध्ये रेडक्रॉसच्या ऑर्थोपेडिक केंद्रात काम करायला काबूलला गेले आणि तिथलेच झाले. मध्ये सरकारं बदलली, राजवटी कोसळल्या. तिथं पाय बनवणारी, चालायला शिकवणारी माणसं बहुतेक सगळी स्वतः अपंग आहेत, पूर्वी तिथंच उपचाराला आलेली. पाय गमावलेल्या मुलासमोर चालायला शिकवायला जो उभा राहतो, त्याचाही पाय लाकडा-प्लास्टिकचाच असतो. मला वाटतं, त्या मुलाला तिथं धीर देणारं भाषण लागत नसेल.

संस्था निवडताना मी सईला काय विचारायला सांगितलं ते थोडक्यात लिहिते. मुलांजवळ कोणालाही सोडताना त्याची पार्श्वभूमी तपासता का, पोलिसांचा दाखला मागता का? मागत नसतील तर तुम्हाला जसं सहज आत घेतलं तसं कोणालाही घेत असतील, आणि वाईट हेतूची माणसं अशाच जागा शोधत असतात. मोठ्या माणसानं मुलासोबत एकट्यानं बंद खोलीत थांबायचं नाही असा नियम आहे का? मुलांचे फोटो काढून सोशल मीडियावर टाकायला परवानगी आहे का? असेल तर तिथून मागे फिरा. ओळखू येणारा एक चेहरा युद्धाच्या भागात त्या मुलाच्या घरच्यांच्या जिवावर बेतू शकतो. मी जे काम करणार ते करायला तिथला कोणी पगारावर ठेवता आला असता का? आणि मी निघून गेल्यावर ते काम कोण करणार? या शेवटच्या प्रश्नावर जी संस्था अडखळते, तिच्याबरोबर जाऊ नये. बाकी विमा, लसी, परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना, घरच्यांना रोजचा एक मेसेज, हे करायचंच.

आणि ज्यांना नुसते पैसेच देता येतील, त्यांनी त्यात कमीपणा मानू नये. सईच्या त्या फीमध्ये छावणीतल्या एखाद्या शिक्षिकेचा कितीतरी महिन्यांचा पगार निघाला असता. ती शिक्षिका मुलांची भाषा बोलते आणि पंधराव्या दिवशीही तिथंच असते.

सईनं फॉर्म भरला नाही. जानेवारीपासून तिची इंटर्नशिप एका रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात सुरू झाली आहे. अपघातात पाय गमावलेला नऊ वर्षांचा एक मुलगा तिच्याकडे येतो. पहिल्याच दिवशी तिनं त्याला सांगून टाकलं, "मी जूनच्या शेवटापर्यंत आहे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. त्यानंतर भोसले सर तुला बघतील. मे महिन्यापासून आम्ही दोघं मिळून येऊ, म्हणजे तुझी त्यांच्याशी ओळख होईल." परवा तिनं मला वॉर्डातल्या कालनिर्णयचा फोटो पाठवला. मुलगा त्यात कुठं नव्हता. मंगळवार आणि शुक्रवारच्या चौकटींवर त्यानं लाल पेन्सिलीनं गोल काढलेत, आणि मे महिन्यापासून प्रत्येक चौकटीत दोन-दोन.